जस्तावरील निबंध इंग्रजीत लिहिताना : प्रकल्प नोंदी, नागपूर

3 जून 2024

आज शोधनिबंधाच्या लेखनाला सुरुवात केली. काटोल आणि कळमेश्वर तालुक्यांतील संत्रा बागांतून आणलेल्या मातीच्या नमुन्यांचे पृथक्करण एप्रिलअखेर संपले आहे. मातीत चुनखडी जसजशी वाढते तसतसे डीटीपीए या, मातीतले धातू ओढून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात निघणारे जस्त (झिंक) कमी होते, हा आमच्या निरीक्षणांचा गाभा आहे. चुनखडीयुक्त, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत जस्ताची उणीव भासते हे मृदाशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. आम्हांला सांगायचे आहे ते एकाच बागेतील वरच्या आणि खालच्या थरांत दिसलेल्या फरकाविषयी.

लिहिणारे आम्ही तिघे : मी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आणि संख्याशास्त्र शिकवणारे एक सहकारी. तिघांचीही मातृभाषा मराठी असून विद्यार्थिनीचे शिक्षण दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले आहे. प्रयोगाच्या नोंदी वेगळ्या वहीत आहेत. ही वही केवळ लेखनासाठी ठेवत आहे आणि त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा एक निबंध परत आला, तेव्हा परीक्षकाने भाषेबद्दल एकच वाक्य लिहिले होते : इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून लेख तपासून घ्यावा. एकही ओळ अधोरेखित केलेली नव्हती. आम्ही पदरचे पैसे देऊन भाषा तपासून घेतली, 'अ' आणि 'द' जागच्या जागी आले, आणि तरीही पुढच्या परीक्षकाने आमच्या मुख्य निष्कर्षाचा अर्थ उलटा लावला. तेव्हापासून माझी अशी खात्री झाली आहे की 'इंग्रजी सुधारा' या एका शेऱ्याखाली अनेक निरनिराळे दोष दडलेले असतात आणि त्यांतले काही निरुपद्रवी, तर काही विज्ञानच बदलून टाकणारे असतात. या वेळी प्रत्येक अडचण जेव्हा येईल तेव्हा तिच्या जातीसह इथे लिहून ठेवणार आहे.

6 जून 2024

विद्यार्थिनीने पहिला मसुदा आणून दिला. व्याकरण माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. तिचे तीन शब्द मात्र थांबून पाहावे लागले.

पहिला शब्द 'गार्डन'. आपण संत्र्याची बाग म्हणतो आणि नागपुरातल्या फिरायच्या उद्यानाला महाराजबागही म्हणतो. मराठीत एकच शब्द दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत फळझाडांच्या व्यापारी लागवडीला 'ऑर्चर्ड' हा वेगळा शब्द आहे. 'गार्डन' वाचून परदेशातील वाचकाच्या डोळ्यांसमोर घरामागची चार झाडे उभी राहतील आणि आमची नमुने घेण्याची पद्धत त्याला विचित्र वाटेल.

दुसरा शब्द 'लाइमस्टोन'. शेतकरी ज्याला चुनखडी म्हणतो ते मातीत मिसळलेले कॅल्शियम कार्बोनेट असते, कधी भुकटीसारखे, तर कधी पांढऱ्या खड्यांच्या रूपात. लाइमस्टोन म्हणजे चुनखडक, तो खडकाचा प्रकार आहे. आमच्या बागा बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीवर आहेत. मसुद्यातले वाक्य तसेच गेले असते, तर जमिनीचा मूळ खडकच आम्ही बदलला असता. भूशास्त्र जाणणाऱ्या परीक्षकाने तेवढ्यावरच निबंध बाजूला ठेवला असता, आणि त्याची चूक म्हणता आली नसती. तिथे 'मुक्त कॅल्शियम कार्बोनेट' या अर्थाची संज्ञा घातली.

तिसरा शब्द 'स्ट्रेस'. तो उद्यासाठी ठेवला, कारण त्याचे उत्तर मला बसल्या जागी सुचले नाही.

7 जून 2024

'बाग ताणावर सोडली होती' हे वाक्य आम्हांला नमुने घेतल्याचा काळ सांगण्यासाठी हवे आहे. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात; थंडी आणि कोरडेपणा यांमुळे झाडाची वाढ थांबते आणि पुढे पाणी सुरू केले की जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. मृग बहारासाठी हेच काम उन्हाळ्यात होते आणि पावसाबरोबर जून-जुलैत फुले धरतात. आम्ही नमुने घेतले ते आंबियाच्या ताणाच्या दिवसांत.

विद्यार्थिनीने लिहिले होते त्याचा अर्थ इंग्रजी वाचकाला 'झाडे संकटात होती' असा लागतो. जणू दुष्काळ पडला होता किंवा शेतकऱ्याने हेळसांड केली होती. प्रत्यक्षात ताण देणे ही जाणूनबुजून केलेली मशागत आहे. काटोलजवळच्या ज्या शेतकऱ्याच्या बागेत आम्ही पहिला खड्डा खणला, त्यांनी मला तेव्हा सांगितले होते, "सर, पानी तोडलं म्हनून झाड मरत नाई, त्याले फुलाची आठवन येते." हे वाक्य निबंधात घालता येणार नाही, पण त्यातला कार्यकारणभाव मात्र घालता आला पाहिजे. शेवटी एका शब्दाचा हट्ट सोडला आणि पूर्ण वाक्य लिहिले : फुलोरा एकाच वेळी यावा म्हणून सिंचन ठरावीक काळ थांबवले होते. 'आंबिया बहार' हे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवले आणि पहिल्याच उल्लेखाला त्यांचा अर्थ दिला. आपल्याकडे शब्द असेल आणि इंग्रजीत नसेल, तर आपला शब्द व्याख्येसह नेणे हेच अधिक काटेकोर आहे, असे माझे मत झाले आहे. मोडतोड केलेल्या पर्यायापेक्षा ते वाचकालाही सोपे जाते.

14 जून 2024

आजचा पूर्ण दिवस 'असावे' या एका क्रियापदावर गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

चर्चेच्या विभागात आमचे म्हणणे असे आहे की जस्ताचे आयन चुनखडीच्या कणांच्या पृष्ठभागावर धरले गेले असावेत. हे आम्ही पाहिलेले नाही. चुनखडी आणि जस्त यांच्या व्यस्त नात्यावरून केलेला तो तर्क आहे. मराठीत 'असावेत' म्हटले की तर्क आहे हे उघड होते. विद्यार्थिनीने त्याचे इंग्रजी 'शुड' वापरून केले होते. शाळेत 'करावे' म्हणजे 'शुड डू' असे शिकवतात, त्यामुळे 'असावे' म्हणजे 'शुड बी' हे ओघाने येते. परंतु 'करावे' मधला विध्यर्थ कर्तव्य सांगतो, तर 'असावे' मधला तर्क सांगतो. रूप एक असले तरी काम वेगळे आहे. इंग्रजीत ते वाक्य 'आयन पृष्ठभागावर धरले जायला हवे होते', म्हणजे 'पण तसे झाले नाही', या अर्थाकडे झुकते. दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षकाने आमचा निष्कर्ष उलटा का वाचला, याचे उत्तर मला आज मिळाले. जुना मसुदा काढून पाहिला. तिथेही हेच रूप होते आणि पैसे घेऊन भाषा तपासणाऱ्या व्यक्तीने त्याला हात लावला नव्हता, कारण व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य शुद्ध होते.

त्यानंतर आम्ही तिघांनी बसून खात्रीच्या पायऱ्या आधी मराठीत मांडल्या. 'आहे' म्हणजे मोजले. 'दिसते' म्हणजे मोजलेल्यावरून सरळ निघते. 'असावे' म्हणजे पुरावा त्या बाजूचा आहे, पण प्रत्यक्ष पाहिलेले नाही. 'असू शकते' म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, इतकेच. प्रत्येक पायरीला इंग्रजीतले एकेक क्रियापद ठरवून दिले आणि चर्चेतील प्रत्येक वाक्यासमोर समासात मराठी पायरी लिहिली. त्या ओघात असे लक्षात आले की दोन वाक्यांबाबत आमच्या तिघांचेही एकमत नव्हते. सहकाऱ्यांच्या मते खालच्या थराबद्दल आम्ही 'असू शकते' याच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण तिथले नमुने कमी आहेत. ते बरोबर होते. हा मतभेद इंग्रजी मसुद्यात चार महिने कुणालाच दिसला नसता.

याच दिवशी 'ॲब्सॉर्ब' आणि 'ॲडसॉर्ब' यांची अदलाबदल तीन ठिकाणी दुरुस्त केली. मराठीत अवशोषण (आत शोषले जाणे) आणि अधिशोषण (पृष्ठभागावर धरले जाणे) असा फरक आहे, पण बोलताना आम्ही दोन्हींना 'शोषण'च म्हणतो. चूक तिथून येते.

20 जून 2024

पद्धतींचा विभाग सर्वांत सोपा गेला. 10 ग्रॅम माती, 20 मिलिलिटर डीटीपीए द्रावण, पीएच 7.3, दोन तास हलवणे, गाळणे, अणुशोषण वर्णपटमापीवर वाचन घेणे : ही 1978 मध्ये लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत आहे आणि ती जगभर जवळपास त्याच शब्दांत लिहिली जाते. शिवाय मराठी माणसाला इथला कर्मणी प्रयोग परका वाटत नाही. 'आम्ही माती चाळली', 'आम्ही नमुने चाळले' असे म्हणताना आपले क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माप्रमाणे चालते. 'माती चाळली गेली' या धर्तीचे इंग्रजी वाक्य म्हणूनच आपल्या हातून सहज उतरते.

तोच सहजपणा चर्चेच्या विभागात घात करतो. 'असे आढळून आले आहे की' अशी सुरुवात असलेली वाक्ये मोजली, तर ती अकरा निघाली. आढळले कुणाला? आम्हांला, की आमच्या आधीच्या संशोधकांना? त्यांपैकी चार वाक्ये आमच्या निरीक्षणांबद्दल होती, सहा इतरांच्या, आणि एकाबद्दल तर विद्यार्थिनीला स्वतःलाच आठवत नव्हते. त्या वाक्याचा संदर्भ शोधायला दुपार गेली आणि तो न सापडल्यामुळे वाक्य काढून टाकले. चर्चेत आता आमच्या कामासाठी 'आम्ही' हाच कर्ता ठेवला आहे. विद्यार्थिनीला प्रथम ते उद्धटपणाचे वाटले. प्रबंधात 'मी' किंवा 'आम्ही' लिहू नये, असे तिला पदव्युत्तर वर्गात शिकवले गेले होते. तिला रामन आणि कृष्णन यांचे उदाहरण दिले. त्यांची नव्या प्रारणाविषयीची टिपणी 'नेचर'मध्ये 31 मार्च 1928 रोजी आली, आणि त्या दोघांपैकी कुणाचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. काय गृहीत धरले, काय पाहिले आणि त्यावरून काय मानले, हे त्या छोट्या टिपणीत एकमेकांत मिसळत नाही.

27 जून 2024

आज उपपदे. मराठीत 'अ' आणि 'द' यांना समांतर शब्द नाहीत, म्हणून आपण ते मीठ भुरभुरल्यासारखे वापरतो. बहुतेक ठिकाणी त्यामुळे काही बिघडत नाही. संपादक ते दुरुस्त करून घेतो. परंतु आमच्या सारांशातील एका वाक्यात त्यावर निबंधाचा दावा अवलंबून होता. 'चुनखडी ही जस्ताच्या कमतरतेचे मुख्य कारण आहे' याचे इंग्रजी 'द' लावून केले तर एकमेव मुख्य कारण असा अर्थ होतो आणि 'अ' लावून केले तर अनेकांपैकी एक. आम्हांला दुसरा अर्थ हवा होता, कारण सेंद्रिय कर्ब आणि पीएच यांचाही वाटा आहे.

विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मराठीत हा फरकच नाही, मग कळणार कसा?" फरक आहे. तो वेगळ्या जागी ठेवलेला आहे. 'चुनखडी हेच कारण' आणि 'चुनखडी हे एक कारण' ही दोन वाक्ये कुठल्याही मराठी माणसाला एक वाटणार नाहीत. त्यावरून आम्ही एक कसोटी ठरवली. नामाच्या आधी 'एक' किंवा 'कोणतातरी' घालून वाक्य टिकत असेल, तर 'अ'; 'तो', 'वर सांगितलेला' किंवा 'च' घालून टिकत असेल, तर 'द'; दोन्ही घालताना वाक्य अवघडत असेल, आणि बोलणे सर्वसाधारण मातीबद्दल किंवा जस्ताबद्दल असेल, तर काहीच नाही. ही कसोटी प्रत्येक वेळी चालत नाही; नद्यांची नावे, उपकरणांची नावे अशा जागी तिचा उपयोग होत नाही. तरी तिने सारांशातील चौदा जागांपैकी बारा सुटल्या.

4 जुलै 2024

किरकोळ दुरुस्त्या. 'लाख हेक्टर' काढून दशलक्षाच्या भाषेत आकडे दिले आणि स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर आणले. तारखांत महिना अक्षरांनी लिहिला, म्हणजे 5/1 हा जानेवारीतला की मेमधला, हा प्रश्न उरणार नाही. झिंक सल्फेट हा शब्द मसुद्यात दोन तऱ्हांनी लिहिला होता. रसायनांची नावे ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1990 मध्ये सल्फरचे 'एफ' असलेले लेखन स्वीकारले आहे, म्हणून सगळीकडे तेच ठेवले. 'लक्षणीय' या अर्थाचा 'सिग्निफिकंट' हा शब्द केवळ सांख्यिकीय कसोटी लावलेल्या ठिकाणी ठेवला आणि उरलेल्या पाच ठिकाणी 'मोठा' किंवा 'स्पष्ट' या अर्थाचे साधे शब्द घातले. हा आग्रह सहकाऱ्यांचा होता आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

12 जुलै 2024

बाहेर दिवसभर पाऊस होता. विभागात बसून स्वल्पविरामावर काम केले.

'ज्या बागांना ठिबक सिंचन आहे त्या बागांतून नमुने घेतले' हे मराठी वाक्य निःसंदिग्ध आहे; जो-तो ही जोडी कोणत्या बागा हे बांधून टाकते. इंग्रजी मसुद्यात त्या जागी स्वल्पविराम आणि 'व्हिच' होते. त्या स्वल्पविरामामुळे अर्थ होतो की आमच्या सगळ्याच बागांना ठिबक आहे आणि ही माहिती जाता जाता दिली आहे. स्वल्पविराम काढला की ठिबक असलेल्या तेवढ्याच बागा, हा अर्थ परत येतो. किती बागा मोजल्या, हे एका चिन्हावर ठरत होते.

'फक्त' आणि 'सुद्धा' यांचेही तसेच. मराठीत हे शब्द, आणि 'च' व 'ही' ही अव्यये, ज्या शब्दाला चिकटतात त्यालाच लागू होतात. 'वरच्या थराचेच पृथक्करण केले' आणि 'वरच्या थराचे पृथक्करणच केले' यांतला फरक सांगावा लागत नाही. विद्यार्थिनीने इंग्रजी 'ओन्ली' बहुतेक वेळा क्रियापदाजवळ ठेवला होता, तिथे तो कशाला लागू आहे हे वाचकाने ओळखायचे. सर्व 'ओन्ली' आणि 'ऑल्सो' शोधून, मराठी वाक्यात 'च' किंवा 'ही' कुठे बसेल ते म्हणून पाहिले आणि इंग्रजी शब्द त्याच नामाच्या अगदी आधी नेऊन ठेवले. आपली भाषा अशा ठिकाणी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. इंग्रजीत लिहिताना तिला दूर ठेवण्याऐवजी तपासनीस म्हणून शेजारी बसवले, तर तिचा फार उपयोग होतो.

19 जुलै 2024

आज मनाला लागलेली गोष्ट. साम्य तपासणाऱ्या प्रणालीतून मसुदा काढल्यावर पद्धतींच्या विभागात बरेच साम्य दिसले, आणि विद्यार्थिनीने घाबरून रात्रीत त्या विभागातील संज्ञा बदलल्या. 'कॅल्शियम कार्बोनेट इक्विव्हॅलंट' या रूढ संज्ञेचे तिने चार निरनिराळे पर्याय केले होते. तिच्या भीतीला आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाला पात्र नाही आणि त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई आहे, एवढेच विद्यार्थ्यांच्या कानावर पडते. त्याच विनियमांत सर्वसामान्य संज्ञा, प्रमाण चिन्हे आणि समीकरणे या मोजणीतून वगळावीत असेही आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

तिला कॅबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह यांनी 2021 मध्ये दाखवून दिलेल्या 'छळलेल्या शब्दप्रयोगां'बद्दल सांगितले. साम्य टाळण्यासाठी शब्द बदलणाऱ्या यंत्रणा वापरल्यामुळे छापील निबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आल्याचे त्यांना आढळले, आणि अशा शब्दप्रयोगांच्या मागावरून अनेक संशयास्पद निबंध उघडकीस आले. संज्ञा ही कुणाची मालमत्ता नसते. ती बदलली की चोरी लपत नाही आणि अर्थ मात्र हरवतो. सगळ्या मूळ संज्ञा परत आणल्या, पद्धतीचा संदर्भ दिला आणि आम्ही जिथे मूळ पद्धतीपासून वेगळे केले तेवढेच सविस्तर लिहिले. साम्य आपोआप कमी झाले.

संध्याकाळी एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून चर्चेचे दोन परिच्छेद घासूनपुसून पाहिले. इंग्रजी खरोखर सुरेख झाले. मग समासातील पायऱ्यांशी ताडून पाहिले, तेव्हा एका ठिकाणी 'असावे'चे 'सिद्ध होते' झाले होते आणि खालच्या थराबद्दलचा सावधपणा नाहीसा झाला होता. ते परिच्छेद आमच्या मूळ रूपात परत ठेवले. फक्त तीन शब्दयोगी अव्ययांच्या दुरुस्त्या घेतल्या आणि नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे साधन वापरल्याचा उल्लेख निबंधात केला. ज्याच्याकडे समासातली मराठी नाही, त्याला हा बदल दिसला कसा असता, हा विचार रात्री बराच वेळ डोक्यात राहिला.

30 जुलै 2024

निबंध पाठवला.

18 सप्टेंबर 2024

दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. मोठ्या दुरुस्त्यांसह पुन्हा पाठवावा, असा संपादकांचा निर्णय आहे. पहिल्या परीक्षकांनी भाषेबद्दल काहीच म्हटलेले नाही. दुसऱ्यांनी नेहमीचे वाक्य लिहिले आहे, पण या वेळी सोबत ओळींचे क्रमांकही दिले आहेत, त्याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

विद्यार्थिनी खचली. तिला 2023 मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त आलेली पाहणी वाचायला दिली. आठ देशांतील 908 पर्यावरणशास्त्रज्ञांना विचारून केलेल्या त्या पाहणीत, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या संशोधकांना भाषा सुधारण्याची सूचना सुमारे साडेबारा पट अधिक वेळा मिळते असे दिसले. त्या देशांत भारत नव्हता, पण नेपाळ आणि बांगलादेश होते. हे तिला सांत्वन म्हणून दिले नाही. हा भार खरा आहे आणि तो तिच्या एकटीच्या उणिवेतून आलेला नाही, हे तिने आकड्यांत पाहावे असे मला वाटले.

चहाच्या वेळी सत्येंद्रनाथ बोस यांचा विषय निघाला. त्यांनी 4 जून 1924 रोजी ढाक्याहून आइन्स्टाइन यांना आपला इंग्रजी निबंध पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये आणून त्याच वर्षी 'त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजीक'मध्ये छापवला. बंगाली माणसाने इंग्रजीत लिहिलेला निबंध जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला, कारण तेव्हा त्या विषयाची भाषा जर्मन होती. पुढे 1948 मध्ये याच बोस यांनी बंगालीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी वंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. विद्यार्थिनीने विचारले की त्यांना इंग्रजी चांगले येत असताना त्यांनी बंगालीचा आग्रह का धरला. उत्तर देण्याऐवजी मी तिला आमची समासातली मराठी दाखवली.

26 सप्टेंबर 2024

परीक्षकांनी दाखवलेल्या सर्व ओळी तपासल्या. उपपदांच्या चुका मोजक्याच होत्या. खऱ्या अडचणी दोन निघाल्या आणि दोन्ही भाषेच्या नावाखाली आल्या होत्या.

पहिली : आम्ही सर्वत्र 'उपलब्ध जस्त' या अर्थाचा शब्द वापरला होता. माती परीक्षणाच्या अहवालात 'उपलब्ध' असेच छापलेले असते आणि तो शब्द आमच्या जिभेवर बसला आहे. परीक्षकांचे म्हणणे असे की डीटीपीए द्रावणात जेवढे निघाले तेवढे आम्ही मोजले. त्यातले झाडाला किती मिळाले हे मोजलेलेच नाही. म्हणून शब्द 'निष्कर्षणक्षम' या अर्थाचा हवा. हा आक्षेप भाषेचा नव्हता, रसायनशास्त्राचा होता, आणि तो शंभर टक्के योग्य होता. शीर्षकापासून तक्त्यांपर्यंत बदल केला.

दुसरी अडचण मांडणीची. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा तिथेच येतो. ऐकणाऱ्याने 'असे म्हणता येत नाही' पर्यंत थांबायचे, ही आपली सवय आहे. आमचे परिच्छेदही तसेच बांधलेले होते : आधी पर्जन्यमान, मग जमिनीचा प्रकार, मग इतरांची निरीक्षणे, मग आमची, आणि शेवटच्या ओळीत दावा. मला त्यात काही गैर वाटत नाही. कीर्तनात बुवा आख्यान रंगवून मग मूळ अभंगाकडे परत येतात, तेव्हा तो श्रोत्यांना चढतच जातो. इंग्रजी निबंधाचा वाचक मात्र परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात काय म्हणायचे आहे ते शोधतो आणि न सापडल्यास पुढचे चाळतो. परीक्षकांनी ज्या तीन परिच्छेदांवर 'अस्पष्ट' असा शेरा दिला होता, त्या तिन्हींत आम्ही फक्त शेवटचे वाक्य उचलून वर आणले. एकही शब्द नवा घालावा लागला नाही.

4 ऑक्टोबर 2024

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. विभागात पेढे वाटले गेले.

परीक्षकांना द्यायचे उत्तरपत्र आज लिहिले. पहिल्या खर्ड्यात विद्यार्थिनीने प्रत्येक मुद्द्यावर क्षमा मागितली होती आणि एका चुकीच्या आक्षेपालाही होकार दिला होता. परीक्षकांचा मान राखणे आणि त्यांचे चुकीचे म्हणणे मान्य करणे यांत फरक आहे. सेंद्रिय कर्बाबद्दलचा त्यांचा आक्षेप आमचा तक्ता नीट न पाहता घेतलेला होता. तिथे आभार मानून, तक्त्याचा क्रमांक देऊन, आमचे म्हणणे कायम ठेवले आणि तो तक्ता वाचकाच्या नजरेतून सुटू नये म्हणून मजकुरात एक वाक्य वाढवले.

21 ऑक्टोबर 2024

सुधारित निबंध पाठवला.

9 डिसेंबर 2024

स्वीकारला गेला. दुसऱ्या परीक्षकांनी या वेळी भाषेबद्दल काहीही लिहिलेले नाही. उपपदांच्या काही चुका अजूनही त्यात असतील.

7 जानेवारी 2025

प्रूफ आले. मुद्रणपूर्व संपादनात 'आंबिया बहार' या शब्दांतील पहिल्याचे 'ॲम्बियंट' झाले होते, सहा ठिकाणी. व्याख्येचे वाक्य तसेच असल्यामुळे विसंगती उघड दिसत होती. सहाही जागा दुरुस्त करून, हा शब्द बदलू नये अशी स्वतंत्र सूचना जोडली. विद्यार्थिनीने प्रूफ दोनदा वाचले, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे.

19 जानेवारी 2025

ज्यांच्या बागांतून माती आणली त्या शेतकऱ्यांसाठी विद्यार्थिनीने मराठीत एक पान लिहिले आहे. तिच्या लेखणीला इथे कुठेही अडखळ नाही. भाषा सरळ, गावातल्या माणसाला कळणारी. मी वाचत गेलो आणि चौथ्या ओळीवर थांबलो. तिथे लिहिले होते : 'चुनखडीमुळे झिंक मातीत अडकते आणि झाडाला मिळत नाही.' समासातील आमची पायरी 'असावे' अशी होती, आणि झाडाला किती मिळते हे तर आम्ही मोजलेलेच नव्हते.

तिला ओळ दाखवली. ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली आणि मग तिने स्वतःच ओळ अशी केली : 'चुनखडी जास्त असलेल्या मातीतून आमच्या तपासणीत झिंक कमी निघाले, ते चुनखडीला धरून राहत असावे. झाडाला किती मिळते हे पाहण्यासाठी पानांचीही तपासणी करावी लागेल.'

दुपारी काटोलच्या त्या शेतकऱ्यांना फोनवर हे पान वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "मंग सर, मी झिंक टाकू का नको टाकू?" पानात याचे उत्तर नव्हते. माती आणि पाने तपासून, उणीव दिसली तर फवारणीचा सल्ला घ्यावा, अशी एक ओळ शेवटी वाढवली. पानांचे नमुने घ्यायला बुधवारी त्यांच्याच बागेत जायचे ठरले आहे.